‘बोर्ड गेला’ म्हणण्यापूर्वी

(अलोरे येथील वसंत व्याख्यानमालेतील भाषण)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून विचार ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली. या व्यासपीठांवर स्वराज्यापासून समाजसुधारणेपर्यंत थोर विषय बोलले गेले आहेत. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदीच लहान आहे. फूटभर लांब आणि पाऊण फूट रुंद अशा एका पाटीचा तो विषय आहे. संगणकाच्या पेटीत ही पाटी उभी स्क्रूने आवळलेली असते. तिला मदरबोर्ड म्हणतात आणि बाजारात नुसते ‘बोर्ड’ म्हणतात. संगणक बंद पडला आणि ‘बोर्ड गेला’ असे कोणी सांगितले, तर ते खरे की खोटे हे कसे ठरवावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

व्याख्यात्याची ओळख करून देताना अध्यक्षांनी आम्हांला ‘तज्ज्ञ’ म्हटले. तो त्यांच्या मनाचा मोठेपणा. आम्ही अभियंते नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. युनियनच्या कचेरीत संगणक आला तेव्हा तो दुरुस्त करायला दर वेळी पैसे कोठून आणावयाचे, या अडचणीतून आम्ही पेचकस हाती घेतला आणि यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तके शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. तेव्हा आज बोलणार आहोत ते कामगार कार्यकर्ता या नात्याने. आयुष्यभर आम्ही खातेनिहाय चौकशांत कामगारांच्या बाजूने बसत आलो. तेथे जे शिकलो, तेच यंत्रापुढे उपयोगी पडले.

कोणी विचारील की, ज्या चळवळीने संगणकाला विरोध केला तिच्याच माणसाने संगणकाची वैद्यकी सांगावी हे कसे? प्रश्न रास्त आहे. साठीच्या दशकात विमा आणि बँक कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला, हे खरे. विरोध लोखंडाला नव्हता. यंत्र आले की माणसाचे काय होणार, हे सांगायला कोणी तयार नव्हते, त्याला होता. पुढे १९६९ साली केंद्र सरकारने प्राध्यापक वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली, आणि १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना व बँकांची संघटना यांच्यात संगणकाविषयी करार झाला. यंत्र आले. आज ते तलाठ्याच्या कचेरीत आहे, रेशनच्या दुकानात आहे, शाळेत आहे. २०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पातून ते ग्रामपंचायतीत आले, आणि पुढे त्याच कामाला ‘आपले सरकार सेवा केंद्र’ हे नाव मिळाले. त्या यंत्रासमोर बसणारी मुले-मुली कंत्राटी आहेत. यंत्र बंद पडले की दाखल्यासाठी उभी असलेली रांग त्यांच्यावर चिडते आणि वरचा साहेबही त्यांच्यावरच चिडतो. म्हणून यंत्र का बंद पडले हा प्रश्न आता कामगारांचाही प्रश्न झाला आहे.

आता ही पाटी म्हणजे काय, ते पाहू. अलोऱ्यात हे समजावणे सोपे आहे. शिवसागराचे पाणी सह्याद्री पोखरून पोफळीला येते. तेथे पहिल्या दोन टप्प्यांची जनित्रे फिरवून ते कोळकेवाडीच्या धरणात साठते. त्या पाण्यावर आपल्या अलोऱ्याची ८० मेगावॅटची चार जनित्रे, म्हणजे तिसऱ्या टप्प्याची ३२० मेगावॅट वीज उभी आहे. आणि शेवटी ते पाणी वाशिष्ठीला मिळते. समजा, एके दिवशी अलोऱ्याचे जनित्र फिरले नाही. तर येथला कोणी शहाणा माणूस ‘जनित्र जळाले, नवे आणा’ असे म्हणेल काय? तो आधी विचारील: कोळकेवाडीत पाणी आहे का? झडप उघडली का? कोणत्या रिलेचा फ्लॅग पडला आहे? लॉगबुकात शेवटची नोंद काय आहे? या सगळ्यांची उत्तरे आल्यावरच जनित्राकडे बोट जाईल.

संगणकातही अशीच साखळी आहे. भिंतीतल्या प्लगातून २३० व्होल्टची वीज येते. पेटीतला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, तो तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे बारीक प्रवाह करतो. ते प्रवाह बोर्डावर येतात. बोर्ड ते प्रोसेसरला, स्मृतीच्या पट्टीला म्हणजे रॅमला, डिस्कला आणि पंख्यांना वाटून देतो. या सर्वांची आपसांतली बोलणीही त्याच्याच तांब्याच्या रेषांतून चालतात. म्हणजे बोर्ड हा सर्वांच्या मध्ये उभा असतो. आणि जो मध्ये उभा, त्याच्यावर प्रत्येकाच्या गुन्ह्याचा आळ! एसएमपीएस मेला तरी पडदा काळा, रॅम सैल झाली तरी पडदा काळा, पडद्याची केबल निघाली तरी पडदा काळा. लक्षण एक, कारणे दहा. म्हणून ‘बोर्ड गेला’ हा निवाडा पहिला नसतो. तो शेवटचा असतो. बाकीचे सगळे निर्दोष सुटल्यावर जो उरतो, त्याच्यावर आरोप ठेवावयाचा.

आमच्या चळवळीत एक साधा नियम आहे. ऐकून घेतल्याशिवाय कोणाला शिक्षा नाही. आरोप लेखी पाहिजे, पुरावा समोर पाहिजे, साक्षीदार तपासला पाहिजे. हा नियम मिळवायला कामगारांना पुष्कळ झगडावे लागले. तोच यंत्राला लावून पाहू.

पहिली गोष्ट आरोपपत्राची. ‘चालत नाही’ हे आरोपपत्र नव्हे. काय होते ते नीट लिहा. बटण दाबल्यावर काहीच हालत नाही? पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो? एक क्षण फिरून लगेच थांबतो? चालू होतो, पण अर्ध्या तासाने गोठतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो? की सगळे ठीक, फक्त तारीख दर वेळी मागे जाते? ही पाच वेगवेगळी प्रकरणे आहेत. शेवटच्या प्रकरणात तर बोर्डावरची रुपयाएवढी गोल बॅटरी संपलेली असते. सीआर २०३२ असा तिचा क्रमांक, ती ३ व्होल्टची असते आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते. आणखी दोन प्रश्न विचारा: आदल्या दिवशी काय झाले होते? वीज कडाडली होती का, कोणी पेटी हलवली होती का, नवा भाग बसवला होता का? वैद्य नाडी धरण्यापूर्वी ‘काल काय खाल्ले’ असे विचारतो, ते उगीच नाही.

दुसरी गोष्ट उगमापासून आरंभ करण्याची. प्लगमध्ये वीज आहे का? दुसरे एखादे उपकरण त्याच प्लगला लावून पाहा. पेटीच्या मागे एसएमपीएसवर एक छोटे बटण असते. झाडू मारताना ते पुष्कळदा बंद होते. पडदा वेगळा आहे, त्याची वीज वेगळी आहे. त्याचा दिवा लागतो का? पडद्याची केबल कोठे लावली आहे? पेटीत वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला लावावयाची, बोर्डाच्या तोंडाला नव्हे. काही प्रोसेसरांत चित्र काढण्याची सोयच नसते. अशा संगणकात बोर्डाच्या तोंडाला केबल लावली तर पडदा काळाच राहणार. पेटी साफ करून पुन्हा जोडताना केबल चुकीच्या जागी गेली आणि बिचारा बोर्ड बदनाम झाला, असे प्रकार थोडे नाहीत.

येथे एक धोक्याची सूचना. पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढा, मग चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साचलेली वीज निघून जाते. आणि एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नका. त्याच्या आतल्या धारित्रांत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकते. भिंतीतल्या प्लगाची मापे वायरमनकडूनच घ्या. हुशारी दाखवण्याचे ते ठिकाण नव्हे.

आता एसएमपीएसची साक्ष. त्याच्यापासून बोर्डाला २४ तारांचा एक रुंद जोड येतो. जुन्यांत २० तारा असत. नेहमीच्या रचनेत जांभळ्या तारेवर, पेटी बंद असतानाही, ५ व्होल्ट असावयास हवेत. ही पहारेकऱ्याची वीज. तीच नसेल तर बटण दाबून उपयोग नाही. पुढे तो जोड बोर्डापासून काढून हिरवी तार काळ्या तारेला तारेच्या तुकड्याने जोडली की एसएमपीएसचा पंखा फिरावयास हवा. मग मल्टिमीटर लावून पाहा: पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, तांबडीवर ५, नारिंगीवर ३.३. शेकडा पाच इकडे-तिकडे चालते. म्हणजे बाराच्या ठिकाणी ११.४ ते १२.६. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत तारांची जोडणी वेगळी असते. तेथे रंगांवर विसंबू नये. आणि रिकाम्या हातांनी ताठ उभा राहणारा हमाल पोते डोक्यावर येताच वाकतो. तसा एसएमपीएस भार नसताना बरोबर माप दाखवील आणि भार पडताच बसेल. म्हणून मीटरच्या साक्षीने तो दोषी ठरू शकतो, पण पुरता निर्दोष ठरत नाही. खात्री हवी तर चांगला म्हणून ठाऊक असलेला दुसरा एसएमपीएस लावून पाहावा.

प्रोसेसरला वीज देणारा चार किंवा आठ तारांचा आणखी एक जोड असतो. तो लावायला विसरले तर पंखे फिरतात आणि यंत्र मुके राहते. पुढच्या बटणाचीही चौकशी करा. ते बटण म्हणजे बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडणारी कळ, एवढेच. बटणाची तार काढून त्या दोन पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर टेकवले आणि यंत्र सुरू झाले, तर दोषी बटण आहे.

तिसरी साक्ष रॅमची. आपल्या कोकणात ही साक्ष सर्वांत महत्त्वाची. येथे चार महिने हवा ओली. पितळ काळवंडते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तेथे रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ बसणार नाही तर काय? पट्टी काढा, शाळेतल्या मुलाचे खोडरबर घेऊन ती कड हलक्या हाताने पुसा, भुगा झटका आणि दोन्ही बाजूंचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, एकेका खाचेत लावून पाहा. तीच पट्टी एका खाचेत चालते आणि दुसरीत चालत नाही, तर दोष त्या खाचेचा किंवा तिच्या वाटेचा. म्हणजे संशय बोर्डाकडे वळू लागला. कोणत्याच खाचेत चालत नाही, तर संशय पट्टीचा.

आणि आता बोर्डाला स्वतःलाच विचारू. फार थोड्यांना ठाऊक असते की बोर्डाला बोलता येते. बटण दाबल्याबरोबर तो स्वतःची आणि जोडलेल्या भागांची हजेरी घेतो. आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी काढला तेव्हापासून ही रीत आहे. हजेरीत खोट सापडली तर तो शिट्ट्या देतो. लांब-आखूड शिट्ट्यांचा अर्थ कंपनीगणिक वेगळा. तो त्या बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावा. हल्लीच्या पुष्कळ पेट्यांत शिट्टीचा छोटा कर्णाच बसवलेला नसतो. तो अगदी स्वस्त मिळतो. आणून बोर्डावरच्या ठरलेल्या पिनांवर लावा. मग सगळी रॅम काढून बटण दाबा. शिट्ट्या वाजल्या, तर बोर्ड ‘माझी रॅम कोठे आहे?’ म्हणून ओरडतो आहे. जो ओरडतो तो मेलेला नाही! त्याला वीज पोचते आहे, प्रोसेसर हलतो आहे, हजेरीचा कारकून जागेवर आहे. एवढ्या एका चाचणीने कितीतरी बोर्ड फासावरून उतरतील. काही नव्या बोर्डांवर शिट्टीऐवजी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांच्या नावाचे चार बारीक दिवे असतात. ज्याचा दिवा अडून राहील त्याच्याकडे आधी पाहावे.

चौथी पायरी म्हणजे आरोपीला गर्दीतून बाहेर काढणे. बोर्ड पेटीतून काढून कोरड्या पुठ्ठ्यावर किंवा लाकडी फळीवर ठेवा. फक्त प्रोसेसर व त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच ठेवा. डिस्क नाही, कार्ड नाही, मागे काही खुपसलेले नाही. पेटीत न चालणारा बोर्ड पुठ्ठ्यावर चालला, तर पेटीत बोर्डामागे एखादा पितळी खुंट चुकीच्या जागी लागून शॉर्ट होत होता, किंवा काढलेल्यांपैकी कोणीतरी अपराधी आहे. मग एकेक भाग परत लावत जा. एका वेळी एकच बदल करावयाचा, हा नियम मोडू नका. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर गुन्हेगार कोण हे कायमचे अंधारात राहते आणि तीन भागांचे पैसे मात्र उजेडात द्यावे लागतात.

अर्ध्या तासाने गोठणाऱ्या यंत्राचा तपास निराळा. तेथे आधी उष्णता पाहा. लाल मातीची धूळ प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पन्हाळ्यांत गालिच्यासारखी बसते आणि मधला लेप वर्षांनी वाळून जातो. यंत्र तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. ती साफ करून, नवा लेप लावूनही तेच चालले, तर ‘मेमटेस्ट’ नावाची रॅमची चाचणी रात्रभर चालवावी.

एवढे सांगितल्यावर एका प्रकरणाची हकीगत सांगतो. गावाचे व कचेरीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका कचेरीत कंत्राटी पद्धतीवर काम करणारी एक मुलगी होती. वळवाच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी तिचे यंत्र सुरू झाले नाही. मेकॅनिक आला, बटण दाबून पाहिले आणि ‘बोर्ड गेला’ म्हणून निघून गेला. आठवड्याने तिच्या हाती पत्र पडले: निष्काळजीपणाने यंत्राचे नुकसान केले, सबब बोर्डाची किंमत मानधनातून कापण्यात येईल. मुलगी आमच्याकडे आली ती रडत नव्हती, रागावलेली होती. आम्हांला ते बरे वाटले. आम्ही साहेबांना एवढेच विचारले, ‘पुरावा काय?’ ते म्हणाले, ‘मेकॅनिक म्हणाला.’ आम्ही म्हटले, ‘मग दोन्ही बाजूंसमोर तपासणी होऊ द्या.’ तपासणी झाली. जांभळ्या तारेवर शून्य. हिरवी-काळी जोडली, पंखा हलला नाही. शेजारच्या बंद ठेवलेल्या तशाच यंत्राचा एसएमपीएस आणून लावला आणि ते ‘मेलेले’ यंत्र सुरू झाले. वायरमनने प्लग तपासला. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट. फेज आणि अर्थ यांच्यामध्येही जवळपास तेवढेच असावयास हवेत, तेथे मीटरचा काटा जागचा हलेना. प्लगला तीन भोके होती, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती! आता सांगा, निष्काळजीपणा कोणाचा? पत्र मागे घेतले गेले, आणि पुढे त्या कचेरीत अर्थिंगही झाले. कोणाची फजिती केल्याचा आनंद आम्हांला नाही. पण अर्ध्या तासाच्या तपासणीने एका मुलीची अब्रू आणि मानधन वाचले, हे विसरता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग बोर्ड कधी जातच नाही की काय? जातो. खुशाल जातो. पाटीवर जळल्याचा काळा डाग दिसतो, वास येतो. धारित्रांची, म्हणजे त्या लहान नळकांड्यांची, सपाट डोकी फुगतात किंवा त्यांतून तपकिरी चीक येतो. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष धारित्रांमुळे जगभर असंख्य बोर्ड असे अकाली गेले. नामांकित कंपन्यांचेही गेले. नव्या पद्धतीच्या प्रोसेसरखाली बोर्डावर केसासारख्या बारीक पिना असतात. त्यांतली एक वाकली तरी खेळ संपतो. वीज पडली तर इंटरनेटच्या केबलीतून झटका येऊन ते तोंड जळते. म्हणून वळवाच्या दिवसांत प्लगबरोबर ती केबलही काढावी. पुठ्ठ्यावर ठेवून, चांगला एसएमपीएस, चांगली रॅम, आणि शक्य तर चालता प्रोसेसर देऊनही जो शिट्टी देत नाही, त्याला मग दोषी ठरवावे. चांगला बोर्ड आणून पडताळा घेताना मात्र एक सावधगिरी: एसएमपीएसची खात्री आधी करून घ्या, नाहीतर बिघडलेला एसएमपीएस दुसऱ्या बोर्डाचाही बळी घ्यावयाचा.

दोषी ठरल्यावरही लगेच फाशी नको. धारित्रे बदलता येतात. हजेरी घेणाऱ्या चिपमधला मजकूर, ज्याला बायोस म्हणतात, तो अद्ययावत करताना वीज गेल्यामुळे बिघडला असेल तर पुन्हा भरता येतो. बोर्ड फार जुना असेल, भाग मिळत नसतील, तर नवा घ्या. तेव्हाही जुना ओढ्यात टाकू नका. त्यात शिसे व इतर विषारी द्रव्ये असू शकतात. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडेच तो द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, बोर्ड गेला म्हणजे हिशेब गेला नव्हे! तुमची कागदपत्रे डिस्कवर असतात. ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून वाचता येते. डिस्कला संकेताचे कुलूप असेल तर त्याची किल्ली कागदावर लिहून वेगळी ठेवलेली पाहिजे. ‘बोर्डाबरोबर सगळे गेले’ असे सांगणाऱ्याला डिस्क हातची देऊ नका.

चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ चा महापूर सांगावयास नको. दुकानांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत वाशिष्ठीचा गाळ शिरला आणि संगणक पाण्याखाली गेले. अशा वेळी पाण्याइतकाच घातक असतो तो ‘चालू करून तर बघू’ हा मोह. ओल्या पाटीला वीज मिळाली की शेजारच्या रेषा एकमेकींना भिडतात, आणि जी पाटी जगली असती ती मरते. बुडालेल्या यंत्राचा प्लग काढा, गोल बॅटरी काढा, गाळ स्वच्छ पाण्याने, शेवटी शुद्ध जलाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढा, आणि कित्येक दिवस वाऱ्यावर वाळू द्या. बुडालेला एसएमपीएस पुन्हा वापरूच नका. बुडालेली डिस्क घरी चालू न करता माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. पुढचा पावसाळा उंबरठ्याशी आला आहे; पेटी जमिनीवरून टेबलावर चढवायला आजची रात्र पुरे आहे.

आता मुख्य गोष्ट. इतका सोपा तपास असताना ‘बोर्ड गेला’ हे शब्द इतक्या सहजी का उच्चारले जातात? मेकॅनिक लबाड असतात म्हणून, असे पुष्कळांचे मत आहे. आमचे तसे नाही. मेकॅनिकही आमचाच, हातावर पोट असलेला माणूस. तो तुमच्या घरी येतो, तासभर खपतो, शेवटी सैल झालेली रॅम दाबून बसवतो. आणि तुम्ही म्हणता, ‘एवढेच होते? याचे कसले पैसे?’ चहा पाजून त्याला वाटेला लावता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस नवा बोर्ड बसवून जातो, तेव्हा तुम्ही निमूटपणे हजारो रुपये मोजता. मग तो काय शिकतो? निदानाला मोल नाही, मालाला मोल आहे, हे शिकतो. आम्ही डोळ्यांनी दिसणाऱ्या वस्तूचे पैसे देतो आणि डोक्याच्या कष्टाचे बुडवतो. आणि वर, तो डोके चालवत नाही म्हणून कुरकुरतो! वैद्याला नाडी पाहण्याची दक्षिणा द्यावयाची नाही असे ठरवले, तर तो प्रत्येकाला महागडी मात्रा देणारच.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. ग्राहकाने तपासणीची मजुरी वेगळी आणि आनंदाने द्यावी. दोष किरकोळ निघाला तर अधिक आनंदाने, कारण तुमचे पैसे वाचले आहेत. आणि मेकॅनिकने तपासणीचे टिपण द्यावे. मोठा ग्रंथ नको; पाच ओळी पुरेत. लक्षण काय होते, एसएमपीएसची मापे काय आली, रॅम एकेक लावून पाहिली काय, रॅमशिवाय शिट्टी आली काय, पुठ्ठ्यावर काय झाले. काढलेला जुना बोर्ड ग्राहकाला दाखवावा. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी तर असे टिपण असल्याशिवाय नव्या बोर्डाचे बिल मंजूर करू नये, आणि यंत्रावर काम करणाऱ्याकडून कसलीही वसुली काढू नये. वीजगृहात लॉगबुक असते. ग्रामपंचायतीच्या संगणकालाही एक दोनशे पानी वही असायला हरकत कसली?

अलोऱ्यातल्या तरुणांना आणखी एक विनंती. प्रकल्पाची बांधकामे संपली, वसाहतीतली वर्दळ ओसरली. पण ज्या गावाने मेगर लावून तारेचे आवरण तपासणारी, आवाजावरून बेअरिंग ओळखणारी माणसे पाहिली, त्या गावाला निदानाचे शिक्षण नवे नाही. घरोघरी अशा कामगारांची मुले-नातवंडे आहेत. एक मल्टिमीटर, एक पेचकस, एक खोडरबर, एक शिट्टीचा कर्णा आणि एक चांगला एसएमपीएस एवढ्या भांडवलावर पंचक्रोशीतल्या शाळांची यंत्रे जिवंत ठेवता येतील. भाग बदलणारे हात पुष्कळ मिळतील. दोष कोठे आहे हे शांतपणे शोधणारे हात थोडे आहेत. ज्याला शोधता येते, त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही, आणि त्याच्या समोर दुसऱ्यावर खोटा आळही टिकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘बोर्ड गेला’ म्हणाला, तर भांडू नका. त्याला खुर्ची द्या, तपासणीची मजुरी ठरवा आणि नम्रपणे विचारा, ‘कशावरून?’ यंत्राच्या बाबतीत हा प्रश्न विचारायची सवय लागली, तर माणसाच्या बाबतीतही ती उपयोगी पडेल.